जुन्या बारोलोचा रंग विटकरी झालाय, खराब झाली का?

सागरतीर:
२०१० ची बारोलो (इटलीची लाल वाइन) भेट आली आहे. रत्नागिरीत गेल्या दिवाळीपासून साध्या कपाटात आडवी ठेवलीय, एसी नाही. मानेपाशी टॉर्च धरला तर वाइन विटकरी-नारिंगी दिसते आणि खालच्या अंगाला काळपट गाळ धरलाय. उघडावी की टाकून द्यावी?

कातळफूल:
टाकू नका! रंग आणि गाळ दोन्ही वयाचे आहेत. बारोलो फक्त नेबियोलो द्राक्षाची करतात. त्यात रंग मुळात कमी आणि टॅनिन (तोंड तुरट करणारा घटक) भरपूर, म्हणून ती तरुणपणीही फिकट डाळिंबी असते आणि दहा-पंधरा वर्षांत कडेने विटकरी होते. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून तळाला बसतात, तोच हा गाळ. तुरटपणा नरमतो, आंबटपणा मात्र टिकतो. वासात सुकलेला गुलाब, डांबर, पुढे चामडं आणि अळंबी.

ही वाइन वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांताची, आल्बाजवळच्या लांगे टेकड्यांवरच्या ११ गावांच्या हद्दीतली. नियमाने किमान ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडी पिंपात. लेबलावर गाव असेल तर जरूर बघा. ला मोर्राची लवकर मऊ होते, सुगंधी असते. सेर्रालुंगाची जमीन जुनी आणि घट्ट, तिथली वाइन कडक, तिला जास्त वर्षं लागतात.

माडबागाईत:
खरी भीती उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये बंद खोलीत वाइन फुगून बूच वर ढकलते, रात्री आकसली की हवा आत ओढते. बूच वर आलंय का, फॉइलखाली चिकट ओघळ आहे का, ते तपासा. उकाड्याने गेलेल्या वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास येतो, गुलाब अजिबात उरत नाही. आपल्या दमट हवेने बुचाला काही होत नाही, बुरशी धरते ती लेबलावर. आत्ताच फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात हलवा, काही महिने चालेल. वर्षानुवर्षं ठेवायची तर १२-१४ अंशांचा वाइन फ्रीज हवा.

सागरतीर:
बूच जागेवर आहे, ओघळ नाही. शनिवारी उघडतो. सुरमईचं तिखलं चालेल ना?

कातळफूल:
सुरमई नको. वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव येते. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात, सोलकढीपुढे तर वाइन पाणचट लागेल. मटण करा, पण मालवणी मसाला बेताने: आलं-लसूण, काळी मिरी, तूप, मंद आचेवर तीन तास. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात. शाकाहारी कोणी असेल तर तुपात परतलेली अळंबी.

माडबागाईत:
बाटली गुरुवारी रात्रीच फ्रीजमध्ये उभी करा, गाळ खाली बसायला निदान एक दिवस लागतो. शनिवारी हळू बाहेर काढा, तिरकी करू नका. बूच जुनं असेल, स्क्रू सरळ आणि पुरता आत घालून सावकाश ओढा. तुटलं तर उरलेला तुकडा आत ढकलू नका, स्क्रू तिरपा लावून काढा. मानेमागे टॉर्च धरून एका धारेत काचेच्या जगमध्ये ओता, गाळाची रेघ मानेत आली की थांबा. मध्येच बाटली उभी केली तर सगळा गाळ ढवळतो. जग तासभर ठेवा, पण आपल्या ३० अंशांच्या खोलीत नाही. पेल्यात १६-१७ अंश हवेत, म्हणून जग गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पेले मोठे घ्या आणि एक तृतीयांशच भरा.