मदत हवी आहे : थेट कार्यक्रमात फोनवरचा आवाज स्पष्ट कसा करावा?

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर रोज संध्याकाळी बोलीभाषेतला थेट कार्यक्रम होतो. पाणी किती वाजता येणार, दवाखाना कधी बंद आहे, हे श्रोतेच फोन करून आपल्या शब्दांत सांगतात. अडचण अशी, की साध्या फोनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ (ध्वनीच्या दर सेकंदाच्या कंपनांचे माप) एवढेच ध्वनी पोहोचतात, तर एफएमवर १५,००० हर्ट्झपर्यंतचे; त्यामुळे निवेदकाच्या भरदार आवाजानंतर फोनवरचा आवाज दबलेला वाटतो आणि ‘स’सारखी अक्षरे विरून जातात. परवा एका आजींनी सांगितलेले ‘सात’ अनेकांनी ‘आठ’ ऐकले.

फोनचा स्पीकर बंद ठेवण्याची विनंती केली, मिक्सरवर (आवाज कमी-जास्त करण्याच्या यंत्रावर) २००० ते ३००० हर्ट्झचा भाग वाढवला; थोडा फरक पडला, पण खरखरही वाढली. निवेदकाने प्रत्येक वाक्य पुन्हा सांगितले, तर बोलणाऱ्याचा ओघ तुटतो, आणि श्रोत्यांचा स्वतःचा आवाज हाच या कार्यक्रमाचा प्राण असल्याने तो तोडणे मनाला पटत नाही. बहुतेकांकडे बटणांचे साधे फोन असल्यामुळे इंटरनेटवरून कॉल घेता येत नाहीत, आणि नवीन यंत्रासाठी निधीही नाही.

अशा स्थितीत, खरखर न वाढवता फोनवरचे शब्द स्पष्ट ऐकू यावेत यासाठी आहे त्याच मिक्सरवर नेमके काय आणि कोणत्या क्रमाने बदलावे?