ते पांढरे खडे कॅल्साइट नसावेत

भाऊ, बंद शिसे-खाणीच्या ढिगाऱ्यातले पांढरे चकचकीत स्फटिक तुम्ही कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) म्हटलेत. मला ते सेरुसाइट, म्हणजे शिशाचं कार्बोनेट, वाटतात. आधी हातात तोलून बघा. कॅल्साइटची घनता २.७, सेरुसाइटची ६.५ च्या आसपास. काटा लागतच नाही. शिसे-खाणीतलं मूळ खनिज गॅलेना, म्हणजे शिशाचं सल्फाइड. हवा-पाणी लागलं की त्याचं बहुधा आधी अँग्लेसाइट (शिशाचं सल्फेट) होतं, पुढे कार्बोनेटयुक्त पाण्यात सेरुसाइट. म्हणून सेरुसाइट भूजलपातळीच्या वर सापडतं. खाली ताजं, घनाकार फुटणारं गॅलेना. आमच्या नागपूरकडे मनसर-कांद्रीला मँगनीज, तिथे हात काळे झाले तरी कोणी मनावर घेत नाही. शिशाचं तसं नाही बरं! नमुना घरात फोडू नका, धूळ वाईट. लेकरांच्या हाती तर मुळीच नको.