नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या मोठ्या, जुन्या कंपनीत जॉइन करू का?

अजनीवाला: मेकॅनिकल, २०२३ ची बॅच. सध्या वाडीला एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये काम करून राहिलो. इथे मालकाच्या टेबलासमोर उभं राहिलं की पाच मिनिटांत निर्णय होतो. आता बुटीबोरीच्या एका जुन्या कंपनीतून मेंटेनन्सची ऑफर आली, पगार थोडाच जास्त आहे. प्लांट दाखवायला नेलं तर सगळे एकमेकांना ‘साहेब’ म्हणत होते. बाबा म्हणतात डोळे मिटून घे, मित्र म्हणतात गंज चढेल. आत राहिलेल्यांनी खरं सांगा.

हिंगणारोड: भाऊ, हिंगणा एमआयडीसीत अशाच एका कंपनीत १९ वर्षं काढली. नाव नाही सांगत.

आमच्या हायड्रॉलिक प्रेसचं तेल मे महिन्यात इतकं तापायचं की दुपारी दोननंतर प्रेशर धरायचं नाही. तेल तापलं की पातळ होते, सील (तेल अडवणाऱ्या रिंगा) गळतात. ऑइल कूलर हवेवर चालणारा होता. बाहेर ४५ अंश असताना ती हवा तेलाला काय थंड करणार? पाण्यावरचा कूलर बसवू, असा प्रस्ताव दिला. पाच सह्या लागत होत्या. अकाउंट्सने लिहिलं, ‘प्रेस चालू आहे, बदल कशासाठी?’ फाइल खाली आली, परत वर गेली. दोन उन्हाळे असेच गेले. ऑपरेटर टाकीवर ओली पोती टाकून शिफ्ट काढायचे. मला रात्री झोप यायची नाही, कारण उपाय मला माहीत होता आणि माझ्या हातात नव्हता.

पण त्याच प्रेसवरचे एक जुने ऑपरेटर पाइपावर तळहात ठेवून मनात पाचपर्यंत मोजायचे. हात उचलावा लागला की म्हणायचे, ‘साहेब, आज सील जाणार.’ आणि जायचंच. ते शिक्षण मला कॉलेजात मिळालं नाही, छोट्या युनिटमध्येही मिळालं नसतं. तिथे माणूस वीस वर्षं एका मशीनवर टिकतच नाही.

आणखी एक. एकदा रात्री डिस्पॅच अडकला होता. प्रॉडक्शनचे मोठे साहेब म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, घुसा प्रेसखाली. आमच्या सुपरवायझरने परमिटवर, म्हणजे आत शिरायच्या लेखी परवानगीवर, सही केली नाही. ‘मेन स्विचला माझं कुलूप लागल्याशिवाय कोणी आत जाणार नाही.’ चाळीस मिनिटं गेली. त्या माणसाला कोणी काढू शकलं नाही, कारण नियम त्याच्या बाजूने लिहिलेला होता. ज्या कागदांनी माझा कूलर अडवला, त्याच कागदांनी माझे हात वाचवले. मी दोन्ही विसरलो नाही.

एका गोष्टीची चीड मात्र आजही आहे. एकाच मशीनवर पर्मनंट आणि कंत्राटी, काम सारखं, गणवेशाचा रंग वेगळा, पगार अर्ध्याहून कमी. साहेब म्हणून तुला त्यांच्याकडून काम करून घ्यावं लागेल. त्यांना नावाने हाक मारत जा.

क्वालिटीताई: मुली वाचत असतील तर सांगते. माझ्या प्लांटमध्ये लेडीज टॉयलेट फक्त ॲडमिन बिल्डिंगला होतं, शॉपमधून, म्हणजे मशीनच्या शेडमधून, चालत सात मिनिटं. मी पाणी कमी प्यायला लागले, उन्हाळ्यात त्रास झाला. तीन वर्षं लेखी मागणी केल्यावर शॉपजवळ झालं. जॉइन होण्याआधी प्लांट बघायला मिळाला तर हे आधी विचारा.

खामला६२: बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पीएफमध्ये तुझे १२ टक्के, कंपनीचे १२. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेचा हिशेब: शेवटचं महिन्याचं बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ४०,००० धरले तर १९ वर्षांचे साधारण ४ लाख ३८ हजार. पण पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आधी सोडलीस तर ग्रॅच्युइटी सहसा मिळत नाही.

अजनीवाला: दादा, कूलर शेवटी बसला का?

हिंगणारोड: बसला. तिसऱ्या मे महिन्यात, नवीन प्लांट हेड आल्यावर. पहिल्या दुपारी तीन वाजता त्या ऑपरेटरने पाइपावर हात ठेवला, पाचपर्यंत मोजलं आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

अजनीवाला: उद्या एचआरला फोन करून प्रेस शॉपच मागतो. फर्स्ट शिफ्टची बस कुठून पकडावी लागते?

हिंगणारोड: बुटीबोरीच्या बसेस बहुतेक वर्धा रोडनेच जातात. छत्रपती चौकात थांबा आहे का विचार. पहाटे पाचची तयारी ठेव.