'यजमान' की 'पोशिंदा'? (आणि गाठीतला हायड्रोजन)

प्रश्न : कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींबद्दल एक लेख मराठीत करतेय. रायझोबियम हा जिवाणू ज्या झाडाच्या मुळात राहतो त्याला 'यजमान वनस्पती' लिहिलं. आईने वाचून विचारलं, "झाडाने सत्यनारायण घातलाय का?" 'पोशिंदा' चालेल?

उत्तर : पोशिंदा नको. तो नुसता पोसतो. शिवाय तो शब्द शेतकऱ्याला कायमचा चिकटलाय. इथे झाड जिवाणूला खाऊ घालतं हे खरंच, पण गाठीत काय चालेल यातही त्याचा शब्द असतो. गाठीत जिवाणूच्या हातून हवेतल्या नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू होतात, तेव्हा हायड्रोजनचा किमान एक रेणू सुटतोच. या सगळ्याला एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) १६ रेणू लागतात, त्यामुळे सुटलेला हायड्रोजन म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. काही जिवाणूंकडे हायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते हायड्रोजन परत पकडून थोडी वसुली करतं. आता गंमत बघा. रायझोबियम लेग्युमिनोसारम या जातीचा यूपीएम ७९१ हा स्ट्रेन (उपप्रकार) वाटाण्याच्या गाठीत असला की हायड्रोजनेज जोरात चालतं, मसुराच्या गाठीत तेच अगदी मंद. जिवाणू तोच, जनुकं तीच, बदललं ते फक्त घर. त्या विकराला निकेल लागतं, तेही झाडाच्या मुळांवाटेच येणार. मंत्र भटजींचे, पण संकल्प आणि सामग्री यजमानाची! तेव्हा 'यजमान'च ठेवा.

प्रश्न : पटलं. आणि 'हायड्रोजनचा चयापचय'?

उत्तर : आतल्या मजकुरात चालेल. मथळ्यात मी 'हायड्रोजनचा जमाखर्च' म्हणेन. 'शोषण' मात्र टाळा, वाचकाला सावकार आठवतो. 'हायड्रोजन परत घेणारं विकर' असं सरळ लिहा.

आणखी एक : माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. आमच्याकडे 'यजमान' कोणी म्हणत नाही. या जिवाणूच्या कल्चरला 'सोयाबीनचं पाकीट', 'हरभऱ्याचं पाकीट' म्हणतात, आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम कल्चर, गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं. पुढे रोप उपटून गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली, म्हणजे काम चालू आहे. आणि 'ग्रंथी' लिहू नका हो, थायरॉइड वाटतं.

प्रश्न : पण 'गाठ' म्हटलं की लोकांना दवाखाना आठवतो!

तेच दुकानदार : मग 'मुळावरची गाठ' लिहा. मुळावर म्हटल्यावर कोण घाबरतंय?

उत्तर : 'मुळावर येणे' हा वाक्प्रचार विसरलात वाटतं. 'मुळांवरच्या गाठी' असं अनेकवचन वापरा, म्हणजे भानगड मिटली.

प्रश्न : चालेल. आईला आता भटजी-यजमान समजावते. तिच्या पिढीत 'आमचे यजमान' म्हणजे नवरा, त्यामुळे ती आणखी काय विचारेल सांगता येत नाही.