वस्ती म्हणजे नेमकं कोण?

‘पारधी वस्त्यांवर मुलींच्या सुरक्षेची जबाबदारी वस्तीनेच घ्यावी’ हे म्हणणं पटलं. पण वस्ती म्हणजे जातपंचायतीचे पंच असतील तर अत्याचाराचं प्रकरण दंड घेऊन मिटवलं जायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तडजोडीला जागा नाही. माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवायलाच हवं.

खरी अडचण पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, धास्ती गेली नाही. (मिरजेत पोलिसांची गाडी थांबली तरी पालं रिकामी होतात.) म्हणून पॉक्सोचं कलम २४ पालावरच्या बायांना तोंडपाठ हवं: जबाब मुलीच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना. पोरांना १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ हवा.

आणि आईबाप कामाला गेल्यावर पोरी कुणापाशी असतात, हे आधी विचारा.