मदत हवी आहे: गाडीत राहणाऱ्या मांजराला घाटात उलट्या होतात

आम्ही दोघं ट्रॅव्हलरमध्येच राहतो, मागे बेड आणि छोटा ओटा करून घेतलाय, सध्या मुक्काम साताऱ्याजवळ. सोबत मनी, अडीच वर्षांची, ऑपरेशन झालंय, रेबीजची लस आणि कार्ड पण आहे. हायवेला मस्त झोपते, वाळूचा ट्रे चालत्या गाडीत पण वापरते, त्याचा काही प्रॉब्लेम नाही. पण घाट लागला की लाळ, ओरडणं आणि मग उलटी. खंबाटकीत थोडक्यात निभावतं, कराड-चिपळूण रोडला कुंभार्ली घाटात मात्र फार हाल होतात बिचारीचे, बघवत नाही.

करून बघितलं ते असं, निघायच्या आधी चार-पाच तास खायला बंद, पाणी चालू, पिंजरा सीटवरून खाली घेऊन पट्ट्याने बांधला, वर पातळ चादर, वळणांवर गाडी एकदम हळू. लाळ कमी झाली, पण उलटी काही थांबली नाही. कोयनानगरला थांबून मगच घाट उतरतो तरी तेच. माणसांच्या गोळ्या कृपया सुचवू नका, पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर उठते. तिला कोणाकडे ठेवायची सोय नाही त्यामुळे तोही मार्ग बंद.

प्राण्यांचे डॉक्टर मॅरोपिटंट (उलटी थांबवायचं औषध) म्हणालेत, डोस तेच वजन बघून देणार आहेत. ज्यांनी आपल्या मांजराला घाटासाठी हे दिलंय त्यांनी सांगा, निघायच्या किती आधी दिलं, नंतर मांजर सुस्त पडलं का, आणि त्या दिवशी जेवण कधी दिलं?