सखल किनाऱ्यावरची वस्ती मागे घ्यावी, की वादळापुरती माणसे हलवावीत?

निवृत्त पाटबंधारे अभियंता, ताराबाई पार्क (धागाकर्ता):

नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले आणि किमान तीन लाख माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेकांचा बळी वाऱ्याने नव्हे, पाण्याने घेतला. हा फरक आपल्यासारख्या घाटमाथ्याच्या अलीकडे राहणाऱ्यांना चटकन उमगत नाही, कारण आपण पूर ओळखतो तो नदीचा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागले की ४३ फुटांची धोका पातळी येईपर्यंत आवराआवर करायला काही अवधी हाताशी असतो. वादळाचे उधाण असा अवधी देत नाही. प्रचंड वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे लोटत आणतो. खोल समुद्रात ते खालून माघारी वळू शकते, परंतु किनाऱ्यालगतचा तळ उथळ असला की त्याला वाट उरत नाही आणि ते जमिनीवर चढते. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक नरसाळ्यासारखे निमुळते असल्यामुळे तिथे ते आणखी उंच होते, आणि त्यातच भरतीची वेळ जुळली तर मैलोगणती सपाट प्रदेशात चढून बसायला उंचवटाही सापडत नाही.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिनच्या वेळी त्याच राज्याने जवळजवळ दहा लाख आणि २०१९ च्या फनीच्या वेळी बारा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली, आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझे मत असे की या यशाच्या भरवशावर आपण किनाऱ्यावरची वस्ती वाढू देत आहोत. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासूनचे बांधकामबंदीचे अंतर २०० मीटरवरून ५० मीटरवर आणले. जिथे माणसे अधिक, तिथेच अंतर कमी, हे मला पटत नाही. सर्वांत सखल पट्ट्यातील वस्ती टप्प्याटप्प्याने कायमची मागे घेतली पाहिजे.

माहेर हर्णे, सासर राजारामपुरी:

आपण आदराने लिहिले आहे, म्हणून मीही आदरानेच, पण ठाम विरोध नोंदवते. माझे माहेर दापोली तालुक्यातील हर्णे बंदराचे. होडी ओढून ठेवायची जागा, मासळी वाळवायची जागा आणि लिलावाची जागा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असतात, तेव्हाच आमच्या माणसांचा धंदा चालतो. घर चार किलोमीटर आत नेले, तर पहाटे वाऱ्याचा अंदाज घेऊन निघणाऱ्या माणसाने तो घ्यायचा कुठून? शिवाय कोळ्यांना मागे सारून मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे काय उभे राहील, याची खात्री कोण देणार?

दुसरे असे की गंगेच्या मुखाकडचा प्रदेश आणि कोकण यांना एकाच मापाने मोजू नये. आमच्याकडे बहुतेक गावांच्या पाठीशीच जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उंच सपाट पठार, असते. म्हातारे माणूसही अर्ध्या तासात वर पोहोचते. तिथे भक्कम निवारा बांधा, वाट चांगली करा, वरती पाण्याची टाकी ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्याकडची माणसे वाचली. मोडल्या त्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा. सुपारी लावल्यापासून हाती उत्पन्न यायला वर्षे जातात. पडझडीनंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. वस्ती हलवण्याच्या चर्चेत ते नुकसान बाजूला पडते, याचे मला दुःख आहे.

शिरोळ तालुक्यातील शेतकरी:

समुद्राबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, परंतु हलवण्याबद्दल बोलू शकतो. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाली, आणि तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणीपातळी ५५ फुटांपुढे गेली तेव्हा त्याच गावांतून माणसे बोटींनी बाहेर काढावी लागली. काळी जमीन नदीकाठी आणि गोठाही तिथेच असताना, केवळ भूखंड दिला म्हणून संसार उठत नाही. म्हणून अभियंतासाहेबांची कायमच्या स्थलांतराची सूचना कागदावर बरोबर असली, तरी ती अर्धी राहील अशी मला भीती वाटते.

पण ताईंच्या म्हणण्यातही एक कच्चा दुवा आहे. वेळेवर निघू, असे प्रत्येकजण म्हणतो. त्या पुरात आमच्या घरातले सगळे निघाले आणि मी दोन म्हशी आणि एका रेडकासाठी मागे राहिलो. गळ्याइतक्या पाण्यात दावे कापले तो क्षण मी विसरू शकत नाही. नदीने मला एक रात्र विचार करायला दिली होती, समुद्र ती देणार नाही. निवाऱ्याशेजारी जनावरांसाठी छप्पर आणि वैरण नसेल, तर माणूस शेवटपर्यंत निघणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

भूगोल शिक्षिका, शाहूपुरी:

वेळेवर निघण्यासाठी इशारा वेळेवर मिळावा लागतो. २०१७ च्या ओखी वादळाने फारच झपाट्याने जोर धरला. तेव्हा समुद्रात दूरवर गेलेल्या केरळ आणि तमिळनाडूतील कितीतरी मच्छीमारांपर्यंत सूचना पोहोचलीच नाही आणि ते परतले नाहीत. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि तिथली वादळे आता अधिक तीव्र होताना दिसतात. सड्यावरची अर्ध्या तासाची वाट मला मान्य आहे, परंतु ती वस्तीवरच्या माणसांसाठी. होडीतल्या माणसाला ती वाट नाही.

धागाकर्ता:

हर्ण्याच्या ताईंचा सड्याचा मुद्दा मी स्वीकारतो. माझे विधान सरसकट होते आणि ते मी मर्यादित करतो. ज्या गावाच्या मागे चालत पोहोचण्याइतकी उंच जागा आहे, तिथली मच्छीमारांची जुनी घरे हलवू नयेत. परंतु वसई किंवा अलिबागच्या आसपासची खाजणे, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या जागा, भरून उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींना हा आधार नाही. तिथे मागे चढायला काही नाही, आणि रहिवाशांपैकी अनेकांचा समुद्राशी व्यवसायाचा संबंधही नाही. निदान तिथली नवी बांधकामे आजच थांबवावीत, या मतावर मी ठाम आहे. म्हशींचा मुद्दा मी आयुष्यभर आकडे लिहूनही कधी आकड्यांत पाहिला नव्हता.

माहेर हर्णे, सासर राजारामपुरी:

नव्या वसाहतींबाबत माझा विरोध नाही, पण बंदी घालताना खाजणातली कांदळवने पुन्हा उभी करण्याचे कामही त्याच आदेशात असावे. लाटेचा जोर ती कमी करतात आणि आमची कोलंबी, खेकडेही तिथेच वाढतात. शिरोळच्या दादांना विनंती आहे की जनावरांच्या छपरासाठी एका गोठ्यामागे किती जागा आणि किती दिवसांची वैरण लागते, ते त्यांनी इथे सविस्तर लिहावे. माझा भाऊ गावच्या ग्रामसभेत निवाऱ्याचा विषय मांडणार आहे. आमच्याकडे गुरे थोडी आहेत, पण शेळ्या बऱ्याच आहेत, आणि त्यांचा विचार आजवर कोणीच केलेला नाही.